खार्कीवच्या मेट्रो शाळा

खार्कीवच्या मेट्रो शाळा : युक्रेनमधील खार्कीव शहरात भुयारी रेल्वेच्या स्थानकांत भरणाऱ्या शाळा. युद्धकाळात विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांचे मनोधैर्य कशावर टिकते, हे दाखवणारे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

खार्कीव रशियाच्या सीमेपासून जेमतेम ३०-४० किमी. अंतरावर आहे. सीमेपलीकडून सुटलेले क्षेपणास्त्र मिनिटभरात शहरावर येऊन आदळते. कित्येकदा स्फोट आधी होतो आणि हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा मागाहून वाजतो. अशा शहरात भोंगा झाल्यावर वर्ग तळघरात हलवू, असे म्हणून शाळा चालवता येत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाचे आक्रमण सुरू झाले, तेव्हा हजारो लोक मेट्रोच्या फलाटांवर मुक्कामाला आले. तिथे अडकलेले भारतीय वैद्यकीय विद्यार्थीही त्यांत होते. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये, युक्रेनचे नवे शालेय वर्ष सुरू झाले तेव्हा, मेट्रो स्थानकांतच सुमारे ६० वर्ग उघडले आणि हजारावर मुले जिने उतरून शाळेत आली.

आधी कोरोना, पाठोपाठ युद्ध. त्यामुळे अनेक मुलांची पहिली-दुसरी पडद्यावरच झालेली. बाईंचा आवाज ओळखीचा, पण बाकावर शेजारी कोणी बसलेले त्यांनी पाहिलेच नव्हते. शेजारी मेट्रोची धडधड चालू असतानाही मुलांना तिथे यावेसे वाटते, त्यामागे ही सोबतीची भूक आहे.

दुसऱ्या महायुद्धात आना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी लंडनमध्ये युद्धग्रस्त मुलांसाठी पाळणाघरे चालवली. बाँबवर्षावापेक्षा आईपासूनची ताटातूट लहानग्यांना जास्त जिव्हारी लागते, असे त्यांना दिसले. आई शांत असली तर मूलही पुष्कळ सावरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲन मास्टेन यांनीही पुढे हेच मांडले, की संकटातून तगण्याची ताकद काही मोजक्या मुलांना लाभलेले असामान्य वरदान नसते. विश्वासाचे मोठे माणूस, मित्र, ठरलेला दिनक्रम अशा साध्या गोष्टींतून ती घडते.

पण ते मोठे माणूस कोणाच्या आधाराने उभे राहते? युक्रेनमधील अनेक शिक्षकांना स्वतःचीच घरे सोडावी लागली. कित्येकांनी परगावी, परदेशी राहून ऑनलाइन वर्ग चालू ठेवले. अनेक मुलांचे वडील आघाडीवर, घरची सारी जबाबदारी आईवर. परदेशी गेलेली मुले सकाळी तिथल्या शाळेत आणि उरलेल्या वेळात युक्रेनच्या ऑनलाइन शाळेत, असा दुहेरी अभ्यास करत राहिली. मुलांच्या धाडसाचे कौतुक करताना हा थकवा नजरेआड करणे अन्यायाचे आहे. शिक्षकांना आणि पालकांना विसावा व समुपदेशन मिळणे हा मुलांच्या संरक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

मे २०२४ मध्ये शहरात खास बांधलेली पहिली भूमिगत शाळा सुरू झाली. दोन पाळ्यांत मिळून सुमारे ९०० मुलांची तिथे सोय आहे. त्यानंतर अशा आणखी शाळा उघडल्या, तरी शहरातली बहुसंख्य मुले घरूनच, पडद्यासमोर बसून शिकत राहिली.