८५ दिवसांचं गणित आणि पहिल्या दोन तासांतला चीक

गाय साधारण २८० दिवस गाभण असते आणि वर्षाचे दिवस ३६५, म्हणजे दरवर्षी एक वेत हवं असेल तर व्याल्यापासून ८५ दिवसांत ती परत गाभण राहायला पाहिजे. त्यातले पहिले ४५ ते ६० दिवस गर्भाशय आकसून जागेवर यायला, आतून साफ व्हायला जातात. उरले किती? पंचवीस ते चाळीस दिवस. माज, म्हणजे गाय गाभण राहू शकते तो काळ, येतो सरासरी २१ दिवसांनी, म्हणजे हातात माज एकच, फार तर दोन, आणि तो हुकला की पुढचे २१ दिवस चारा, खुराक, मजुरी सगळं चालूच. दुधाच्या दरावर आपल्याकडे रोज चर्चा होते, ती व्हायलाच हवी, पण माज ओळखण्यावर त्याच्या निम्मीही होत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

माज असतो बारा ते अठरा तास, जास्त दूध देणाऱ्या एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाईत तर कधी कधी त्याहून कमी. त्यात उकाड्याच्या दिवसांत बरीचशी लक्षणं रात्री नाहीतर पहाटे दिसतात, जेव्हा गोठ्यात कोणीच नसतं. दुसऱ्या गाईने अंगावर उडी घेतली आणि ही शांत उभी राहिली तर तो पक्का माज, पण दावणीला बांधलेल्या गाईला हे करताच येत नाही, तिथे मग हंबरणं, दूध कमी होणं आणि काचेसारखी स्वच्छ, तार धरणारी सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) यावरच भागवावं लागतं. मुक्त संचार गोठ्यात माज सापडणं सोपं जातं ते याचसाठी.

आता कृत्रिम रेतन (एआय) कधी करायचं? बीजांड सुटतं माज संपल्यावर दहा-बारा तासांनी आणि ते टिकतं थोडेच तास. नळकांडीतलं वीर्य उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेलं असतं, ते वितळवून आत सोडल्यावर शुक्राणूंना तयार व्हायला काही तास लागतात आणि गोठवलेले असल्याने ते ताज्यांइतके टिकत नाहीत. म्हणून सकाळी माजाची सुरुवात दिसली तर संध्याकाळी एआय, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. माज दिसल्या दिसल्या घाईने डॉक्टरांना बोलावून भरवून घेतलं तर बऱ्याचदा गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येते, आणि दोष जातो वीर्याला.

एक बारीक खूण सांगतो. शेपटीला किंवा मागच्या बाजूला थोडं रक्त दिसलं की लोक घाबरतात. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच की माज दोन-तीन दिवसांपूर्वी येऊन गेला. तारीख लिहून ठेवा आणि अठराव्या दिवसापासून लक्ष ठेवा.

काही गाई व्याल्यावर माजावरच येत नाहीत, त्यामागे बहुतेकदा पोटाचा हिशोब असतो. दूध सहा-आठ आठवड्यांत शिखरावर जातं पण गाईची भूक त्यामानाने उशिरा वाढते, मधली तूट ती अंगावरची चरबी जाळून भरून काढते, आणि जी गाय झपाट्याने वाळते तिचं शरीर आधी दूध सांभाळतं, माज मागे पडतो. त्यामुळे गाय व्यायच्या आधीचे ६० दिवस तिला आटवणं, म्हणजे दूध काढणं थांबवणं, महत्त्वाचं, तेव्हाच पोटातलं वासरू झपाट्याने वाढतं आणि कासेत चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध, तयार होतो.

आणि चीक म्हणजे वासराचं पहिलं लसीकरणच. गाईच्या रक्तातली प्रतिकारद्रव्यं वारेतून वासरापर्यंत पोचत नाहीत, ते जन्मतं ते जवळजवळ कोऱ्या पाटीने. जन्मल्यावर काही तासच त्याच्या आतड्याची भिंत ही द्रव्यं अख्खीच्या अख्खी रक्तात घेते, सहा तासांनंतर ते घटत जातं आणि २४ तासांत जवळपास बंद. म्हणून वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ३० किलोच्या वासराला तीन लिटर चीक, तोही शक्यतो पहिल्या दोन तासांत. वार पडेपर्यंत थांबायची जी पद्धत आहे ना, ती कृपया सोडून द्या, उलट वासरू प्यायला लागलं की पान्हा सोडणारं ऑक्सिटोसिन सुटतं आणि त्याने वार पडायला मदतच होते. चीक थेट आचेवर तापवू नका, खरवस घट्ट होतो तो चिकातल्या प्रथिनांमुळेच आणि त्यात ही प्रतिकारद्रव्यंही आली. खरवस जरूर करा, वासराचं पोट भरल्यावर. नाळेला टिंक्चर आयोडीन लावायला आणि खाली कोरडं अंथरायला विसरू नका, कारण ओल्या नाळेतून आणि त्या उघड्या आतड्यातून जंतूही तसेच आत जातात.

पुढचं काम कोठीपोटाचं, म्हणजे गाईच्या चार पोटांपैकी चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटाचं. वासराने चोखलं की अन्ननलिकेची खाच मिटते आणि दूध कोठीपोट टाळून थेट चौथ्या पोटात जातं, म्हणजे नुसत्या दुधावर कोठीपोट वाढतच नाही. दाणेदार काफ स्टार्टर (वासरांचा पहिला खुराक) आंबून जे ब्युटिरिक आम्ल बनतं त्याने कोठीपोटाच्या आतल्या बोटांसारख्या उंचवट्यांची वाढ होते, नुसत्या चाऱ्याने तेवढी होत नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यापासून मूठभर स्टार्टर आणि स्वच्छ पाणी समोर असू द्या.

कालवड भरवताना वय नाही, वजन बघा, संकरित असेल तर २५० किलोच्या पुढे. काटा नसेल तर शिंप्याचा टेप घ्या, छातीचा घेर इंचात मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्यापासून बसायच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. घेर ५८ आणि लांबी ४९ आली तर उत्तर २५० किलोच्या आसपास येतं, टेप थोडा सैल-घट्ट झाला तर दहा-वीस किलोचा फरक पडतो, म्हणून दोनदा मोजा.