मक्का नेमकी कुठल्या पश्चिमेला?

गोव्यातून मक्का पश्चिमेला, असं आपण सहज म्हणून जातो. मग एखादी जुनी मशीद किंवा कबर पश्चिमेच्या रेषेपासून थोडी कललेली दिसली, की ‘तेव्हाच्या लोकांना दिशा कुठे कळत होत्या’ असा शेरा मारला जातो. मला तो अजिबात पटत नाही.

फोंड्याची साफा मशीद 1560ची, आदिलशाही अमलातली. जांभ्याचे चिरे, वर कौलं, बाजूला पायऱ्यांची तळी. त्याच वर्षी पोर्तुगीजांच्या जुन्या काबिजादीत (आधी जिंकलेल्या मुलखात) इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. फोंडा त्यांच्या हाती गेला तो थेट 1763मध्ये, म्हणून तर मंगेशीसारखी दैवतंही याच मुलखात आसऱ्याला आली.

मशिदीची मिहराबाची (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याची) भिंत मक्केतल्या काबागृहाच्या दिशेला, म्हणजे किब्ल्याला धरून बांधतात. कबरस्तानातही हाच नियम, फक्त काटकोनात. मयत उजव्या कुशीवर ठेवून तोंड किब्ल्याकडे करतात, त्यामुळे आपल्याकडे डोकं उत्तरेला येतं आणि कबरीची लांबी किब्ल्याला आडवी पडते. शिलालेख नसलेली कबर कोणत्या धर्माच्या माणसाची, हे ठरवताना पुरातत्त्वज्ञ म्हणूनच तिची दिशा आधी मोजतात.  

आता कोन काढू. फोंडा सुमारे 15.4 अंश उत्तर अक्षांशावर, मक्का 21.4 अंशांवर. रेखांशांत फरक 34 अंशांचा. सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर मक्का पश्चिमेच्या साधारण साडेदहा अंश उत्तरेला दिसते. पण पृथ्वी गोल आहे. पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा: तो सर्वांत जवळच्या वाटेने, बृहद्‌वृत्तावरून जातो आणि फोंड्यातून निघताना पश्चिमेच्या जवळजवळ 16 अंश उत्तरेला झुकतो. अंतर सुमारे 3,660 किलोमीटर. म्हणजे कबरही उत्तरेपासून 16 अंश पूर्वेला वळलेली असेल, तर ती गणिताने अचूक आहे.

हे गोलीय त्रिकोणमितीचं गणित खगोलशास्त्रज्ञ अल्-बिरूनीने अकराव्या शतकात अफगाणिस्तानातल्या गझनीसाठी सोडवलं होतं. खरी अडचण सूत्राची नव्हती, रेखांशाची होती. दोन गावांच्या रेखांशांतला फरक म्हणजे त्यांच्या स्थानिक वेळांतला फरक. 34 अंशांना सुमारे सव्वादोन तास. पण दूरच्या गावात आत्ता किती वाजले, हे कळणार कसं? 997 साली अल्-बिरूनी आणि बगदादचा अबुल वफा यांनी एकच चंद्रग्रहण आपापल्या गावातून पाहिलं आणि वेळा ताडून पाहिल्या. ग्रहण दोघांना एकाच क्षणी दिसतं, घड्याळं मात्र वेगळी, आणि त्या तफावतीतच रेखांश सापडतो! ज्यांना हे साधन नव्हतं, ते सूर्यास्तावरून किंवा ताऱ्यांवरून दिशा धरत. धर्मशास्त्रालाही ढोबळ दिशा चालते, असं बहुतेक फकीह (इस्लामी कायद्याचे जाणकार) मानतात. त्यामुळे दोन कबरस्तानांत फरक दिसला, तर तो अडाणीपणाचाच पुरावा नाही. तिथे कोणती पद्धत वापरली असावी, याचा तो माग आहे.

फोंड्यात तर सूर्यास्ताची पद्धतही चांगली जुळते. मेच्या पहिल्या आठवड्यात, शून्य सावलीच्या दिवसाच्या (भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवसाच्या) आसपास, सूर्य पश्चिमेच्या 16 अंश उत्तरेलाच मावळतो. हा योगायोग मला फार आवडतो.

स्वतः पडताळायचं असेल, तर 27 किंवा 28 मे रोजी दुपारी 2 वाजून 48 मिनिटांनी एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. त्या क्षणी सूर्य मक्केच्या बरोबर डोक्यावर असतो. सावली 65 सेंटिमीटरच्या आसपास पडेल. तिच्या टोकापासून काठीच्या बुंध्याकडे जाणारी रेष म्हणजे किब्ला. 15-16 जुलैला 2 वाजून 57 मिनिटांनीही हेच घडतं, पण तेव्हा गोव्यात ऊन मिळणं कठीण, तेव्हा मे महिनाच धरा.