एनएसएस ‘ऐच्छिक’ कशी झाली

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, क्रेडिट (पदवीसाठी धरले जाणारे श्रेयांक) मिळते आणि समुदाय सहभाग हा वेगळा घटकही आहे. त्यावरून प्राध्यापकांच्या खोलीत एक वाद पुन्हा सुरू झाला आहे: क्रेडिटसाठी गावात गेलेल्या मुलाला स्वयंसेवक म्हणायचे का? हा वाद खुद्द एनएसएसपेक्षा जुना आहे.

विद्यार्थ्यांनी राष्ट्रसेवा स्वेच्छेने करावी, अशी शिफारस १९४८-४९ च्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने केली होती. पहिल्या पंचवार्षिक योजनेतही विद्यार्थ्यांच्या श्रमसेवेचा उल्लेख आला. पुढे १९५८ मध्ये पंतप्रधानांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून पदवीसाठी समाजसेवेची अट असावी का, असा विचार मांडला. इथून सूर बदलला.

ऑगस्ट १९५९ मध्ये या कामासाठी एक समिती नेमली गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडलेले, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख तिचे अध्यक्ष होते. समितीने आडपडदा ठेवला नाही. शालान्त शिक्षण संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रसेवा द्यावी लागेल, असा तिचा प्रस्ताव होता. सेवेत शिस्तीचे शिक्षण, अंगमेहनत आणि समाजकार्य हे सगळे येणार होते. शिकलेला माणूस हाताने काम करायला लाजतो, खेड्याकडे पाठ फिरवतो, हे त्या पिढीचे खरे दुखणे होते. ते चार व्याख्यानांनी बरे होणार नाही, असे समितीला वाटले असेल तर तिला दोष देता येत नाही.

प्रस्ताव मागे पडला तो मुख्यतः पैशामुळे आणि अंमलबजावणीच्या अडचणींमुळे. लाखो मुलांना वर्षभर कुठे ठेवायचे, काय खाऊ घालायचे आणि कोणाच्या देखरेखीखाली राबवायचे, याचा हिशेब बसेना. सक्तीची सेवा ही सेवा असते का, हा प्रश्न मात्र तेव्हा निकालात निघालाच नाही, आणि माझ्या मते पुढच्या साऱ्या गोंधळाचे मूळ तिथे आहे. दुसऱ्याच वर्षी एका शिक्षणतज्ज्ञाने अनेक देशांतल्या योजना अभ्यासून वेगळी दिशा सुचवली: सेवा ऐच्छिक ठेवा आणि आधी लहान प्रमाणावर करून पाहा.

मध्येच चीनचे युद्ध झाले आणि १९६३ पासून एनसीसी (राष्ट्रीय छात्रसेना) सक्तीची झाली. चारपाच वर्षांत ती सक्तीही उठली. १९६७ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले की एनसीसी ऐच्छिक असावी आणि तिला पर्याय म्हणून नवी सेवा योजना आणावी. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांसह ती सुरू झाली. आता ही संख्या ४० लाखांच्या घरात आहे.

महाराष्ट्रात या योजनेला जे रूप आले ते दत्तक गावातल्या सात दिवसांच्या शिबिराने. श्रमदानाला इथे घट्ट मुळे होती. गाडगेबाबांचा झाडू लोकांनी पाहिलेला होता आणि बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत मुले जाऊ लागली होती. म्हणून कागदावरचे ‘विशेष शिबिर’ आपल्याकडे सहज ‘श्रमसंस्कार शिबिर’ झाले. नव्वदच्या दशकात शिबिराला गेलेल्या कुणालाही विचारा: पहाटे प्रभातफेरी, मग कुदळ-फावडे, दुपारी बौद्धिक, रात्री देवळासमोर पथनाट्य. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा, शोषखड्डे खणायचे, शाळेच्या भिंती रंगवायच्या. घराबाहेर एक रात्रही न राहिलेल्या कितीतरी मुली या शिबिरांमुळे सात रात्री परक्या गावात राहिल्या. हा बदल कोणत्याच अहवालाच्या तक्त्यात बसत नाही, पण मला तो बंधाऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

पैसा मात्र तेव्हाही तुटपुंजा होता आणि नंतरही. मागच्या दशकात शिबिरातल्या प्रत्येक मुलामागे ४५० रुपये मिळत, म्हणजे जेवणखाण, प्रवास, साहित्य धरून दिवसाला ६४ रुपये. बाकीचे गावकरी पुरवत. कुणी पोतेभर ज्वारी देई, कुणी घरचे दूध आणून देई. २०१६ पासून योजनेचा पूर्ण खर्च केंद्राकडे आला, त्याआधी राज्याचाही वाटा असे.

‘ऐच्छिक’ शब्दाला पहिला तडा क्रेडिटने दिला असे म्हणणे चूक आहे. दोन वर्षांत २४० तास आणि एक शिबिर पूर्ण केले की काही विद्यापीठांत दहा वाढीव गुण मिळत. नापास होता होता वाचलेल्या अनेकांना ते गुण आजही आठवतात. काही जण गुणांसाठी आले आणि कामासाठी राहिले, हेही तितकेच खरे.

नवे आहे ते ‘सेवा-अध्ययन’. उच्च शिक्षणाच्या नियामक संस्थेने २०२० मध्ये सामाजिक जबाबदारी आणि समुदाय सहभागाची मार्गदर्शिका काढली आणि दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सुचवला. यात फावडे हाती घेण्यापेक्षा स्वतःचा विषय गावाच्या कामी आणण्यावर भर आहे. रसायनशास्त्राच्या मुलांनी विहिरींचे पाणी तपासावे, वाणिज्यच्या मुलांनी बचत गटाच्या वह्या नीट लावून द्याव्यात आणि परत येऊन त्यावर लिहावे. कल्पना चांगली आहे. पण दोन क्रेडिट म्हणजे सत्रात साधारण ६० तास, आणि ते भरून घ्यायचे तर वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी गाव, काम आणि सोबत जाणारा शिक्षक हवा. १९५९ चा प्रस्ताव नेमका याच हिशेबावर अडला होता. एनएसएसच्या एका युनिटमध्ये १०० मुले असतात, त्यांतली ५० शिबिराला जातात आणि त्यांच्या मागे एक कार्यक्रम अधिकारी असतो, तोही आपले तास सांभाळून.