डिस्ट्रॅक्शन-फ्री एडिटरची निवड

ज्या एडिटरमधे, म्हणजे लिहायच्या सॉफ्टवेअरमधे, मेनू, टूलबार, नोटिफिकेशन सगळं नजरेआड होतं आणि स्क्रीनभर फक्त कोरं पान नि आपली अक्षरं उरतात त्याला डिस्ट्रॅक्शन-फ्री एडिटर म्हणतात. हा प्रकार गाजला २००६ मधे मॅकवर आलेल्या राइटरूममुळे, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, बाकी काहीच नाही. मग २०१० ला आयपॅडवर आयए रायटर आला, त्यात आपण लिहितोय तेवढंच वाक्य ठळक दिसतं. तो विकत घ्यावा लागतो, फोकसरायटर आणि घोस्टरायटर मात्र फुकट आहेत.

आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारला जो अहिराणीत लिहितो त्याचं लक्ष मेनूपेक्षा जास्त उडतं ते लाल रेघेनं. स्पेलचेकरला अहिराणी येतच नाही, मग ‘मन्हं’ लिहा की ‘तुन्हं’ लिहा, खाली लाल रेघ हजर, आणि दहा ओळींत तीस रेघा दिसल्या की माणूस आपोआप ‘मन्हं’ खोडून ‘माझं’ करायला लागतो. मी स्वतः आजीच्या बोलण्यावर लिहिताना असं केलंय, दोन पानांनंतर वाचलं तर आजी पुण्याची वाटायला लागली होती! म्हणून माझ्या मते एडिटर निवडताना पहिला प्रश्न हाच, की स्पेलचेक पूर्ण बंद करता येतो का. फोकसरायटरमधे येतो, आणि मेनू हवा असेल तेव्हा माऊस स्क्रीनच्या वरच्या कडेला नेला की खाली येतो.

दुसरी गोष्ट फॉन्ट. यातले बरेच एडिटर टाइपरायटरसारख्या, सगळी अक्षरं एकाच रुंदीची असलेल्या इंग्रजी फॉन्टवर बेतलेले असतात, त्यात देवनागरी नसली की कॉम्प्युटर दुसऱ्याच कुठल्या फॉन्टमधून अक्षरं उचलतो आणि कधी वेलांटीचं टोक कापलं जातं, कधी उकार खालच्या ओळीत घुसतो. त्यामुळे आधी ‘वऱ्हाडी मंडळी कळण्याच्या भाकरीवर तृप्त’ असं काहीतरी टाइप करून बघायचं, ‘ऱ्हा’ आणि ‘तृ’ नीट उमटले तर पुढे जायचं.

घोस्टरायटरमधे हेमिंग्वे मोड आहे, त्यात बॅकस्पेस चालत नाही, मागे वळून न बघता लिहीत राहावं म्हणून. इंग्रजीत ठीक असेल, पण देवनागरीत एक काना चुकला तरी तो तसाच राहतो आणि सगळं लक्ष त्या कान्यावर अडकतं, मला तो अजिबात पटत नाही.

साधं नोटपॅडही चालतं. फक्त २०१९ च्या आधीच्या विंडोजमधे सेव्ह करताना यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत) स्वतः निवडावं लागतं, नाहीतर फाइल परत उघडल्यावर सगळी प्रश्नचिन्हं. आणि गावाकडे डेस्कटॉपवर लिहीत असाल तर ऑटोसेव्ह चालू आहे का ते पहिल्या दिवशीच बघून घ्या, एप्रिल-मेमधे लाइट सांगून जात नाही.