सिंथेटिक की मिनरल: ट्रकच्या चेंबरमध्ये काय ओतायचं?

"सिंथेटिक पातळ असतं, आपल्या लोडला ते टिकत नाही." ट्रकच्या गॅरेजमध्ये इंजिन ऑईलबद्दल हे वाक्य हमखास कानावर पडतं. बोलणारा मिस्त्री अनुभवी असतो, पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. ऑईल किती घट्ट, हे कॅनवरचा आकडा सांगतो. ते कशापासून बनलं, हे 'मिनरल' किंवा 'सिंथेटिक' सांगतं. १५डब्ल्यू-४० मिनरल आणि ५डब्ल्यू-४० सिंथेटिक ही दोन्ही ऑईलं १०० अंशांना एकाच पट्ट्यात बसतात, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (घट्टपणा मोजण्याचं एकक). '४०' या आकड्याचा अर्थच तो आहे. घाटात लोड ओढताना ऑईल १०० च्या आसपास किंवा वरच असतं, म्हणजे तिथे पातळपणाची तक्रार गैरलागू.

फरक आहे तो 'डब्ल्यू'च्या आधीच्या आकड्यात, आणि तो थंडीचा. १५डब्ल्यू ऑईलमध्ये इंजिन फिरतं का हे उणे २० अंशांना तपासतात, ५डब्ल्यूमध्ये उणे ३० ला. निफाडचा पारा कितीही घसरला तरी तिथवर जात नाही. गाडी हिवाळ्यात कारगिल-द्रासकडे जात असेल तर ५डब्ल्यूचा विचार जरूर करा. मुंबई-नागपूर करणाऱ्याने केवळ थंडीसाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

मग सिंथेटिकमध्ये विशेष काय? कॅनमधल्या ऑईलचा मुख्य भाग म्हणजे बेस ऑईल. ते कच्च्या तेलातून शुद्ध करून काढलेलं असेल तर मिनरल. त्यात लहानमोठे, वेगवेगळ्या ठेवणीचे रेणू राहतात. सिंथेटिकमध्ये ते बरेचसे एकसारखे असतात, त्यामुळे ते उष्णतेने लवकर सडत नाही, कमी उडतं आणि वापरात उगाच घट्ट होत जात नाही. मात्र सगळं सिंथेटिक एका जातीचं नाही. एक प्रकार रसायनांपासून थेट बांधलेला, त्याला पीएओ म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे कच्च्या तेलालाच हायड्रोजनच्या जबर प्रक्रियेतून काढलेलं ग्रुप-३ बेस ऑईल. यालाही सिंथेटिक म्हणावं का, यावर अमेरिकेत दोन बड्या कंपन्यांची जुंपली होती आणि १९९९ मध्ये जाहिरात उद्योगाच्या स्वनियमन मंडळाने 'म्हणायला हरकत नाही' असा कौल दिला. तेव्हा 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलेले दोन कॅन आतून सारखेच असतील असं नाही. 'सेमी सिंथेटिक'मध्ये सिंथेटिक किती, हे तर कॅनवर सहसा लिहिलेलंच नसतं.

सिंथेटिकची खरी कमाई टर्बोत, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्यात, दिसते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, त्याच्या एका टोकाला सायलेन्सरकडे जाणारा तापलेला धूर, आणि मधल्या बेअरिंगला आधार फक्त ऑईलच्या पापुद्र्याचा. खंबाटकी चढून ढाब्यावर गाडी लावली आणि लगेच बंद केली, तर बेअरिंगमधलं ऑईल जागच्या जागी भाजतं, त्याचा कोळसा होतो. सिंथेटिकचा कोळसा कमी होतो. पण बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटं इंजिन आयडलवर ठेवणं यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, आणि ते कुठल्याही ऑईलवर करायलाच हवं. चंद्रपूरच्या उन्हाळ्याची मात्र फार धास्ती नको. कूलंट आणि थर्मोस्टॅट धड असतील तर बाहेर ४६ अंश असले तरी ऑईलचं तापमान मुख्यतः लोडवर ठरतं.

आता सिंथेटिकलाही जे जमत नाही ते. डिझेल इंजिनची काजळी ऑईलमध्येच उतरते. बदललेलं ऑईल थोड्याच अंतरात काळं होतं ते म्हणूनच. काजळी तरंगत ठेवणं हे त्यात मिसळलेल्या रसायनांचं, म्हणजे ॲडिटिव्हचं काम, त्यामुळे काळं म्हणजे संपलं असं नाही. पण काजळी वाढतच जाते. इंजेक्टर गळत असेल तर डिझेल मिसळतं, हेड गॅस्केट गेलं तर कूलंट. खाणीवर चालणाऱ्या डंपरचा एअर फिल्टर फाटका असेल तर दगडाची भुकटी थेट रिंग-लायनर खाते. यातल्या कशालाही महाग बेस ऑईल आवर घालू शकत नाही. डंपरचं आणि तयार काँक्रीट नेणाऱ्या आरएमसी मिक्सरचं ऑईल किलोमीटरवर मोजूही नका. ती इंजिनं उभ्या-उभ्या चालतात, त्यांची मुदत तासांवर मोजा.

माझ्या मते दुकानात सर्वात आधी वाचायची ती ऑईलचा दर्जा सांगणारी कॅनवरची अक्षरं: जुना सीआय-४, सीआय-४ प्लस, नवा सीके-४ वगैरे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष) ट्रकमध्ये धुराच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. अडकलेली काजळी तो ठरावीक वेळाने जाळतो, पण ऑईलमधल्या ॲडिटिव्हची राख जळत नाही. ती साचत जाते आणि शेवटी फिल्टर तुंबतो. सीके-४ मध्ये या राखेवर १ टक्क्याची मर्यादा आहे. बीएस-६ गाडीत जुन्या सीआय-४ दर्जाचं सिंथेटिक ओतण्यापेक्षा सीके-४ दर्जाचं मिनरल बरं, आणि असं मिनरल मिळतं. जुन्या बीएस-३, बीएस-४ गाड्यांना सीआय-४ प्लस पुरतं, सीके-४ ही चालतं. मॅन्युअलमध्ये कंपनीने स्वतःचा मंजुरी क्रमांक दिला असेल, तर तोच कॅनवर शोधायचा. वॉरंटीत वाद नको असेल तर यात तडजोड नाही.

हिशेब करून पाहू. समजा चेंबर १६ लिटरचा, मिनरल ३०० रुपये लिटर, सिंथेटिक ५५०, आणि फिल्टरचे १२००. मिनरलचा ऑईल चेंज ६,००० ला पडला आणि २०,००० किलोमीटर चालला, म्हणजे किलोमीटरला ३० पैसे. सिंथेटिकचा १०,००० ला. तोही २०,००० लाच काढून टाकला तर ५० पैसे, ४०,००० चालवला तर २५. या भावांत सिंथेटिक ३३,००० च्या पुढे गेलं तरच फायद्यात. महाग ऑईल आणायचं आणि सवयीने जुन्याच मुदतीला बदलायचं, हा सर्रास दिसणारा तोटा आहे. मुदत वाढवायची तर कंपनीची परवानगी हवी, नाहीतर वापरलेल्या ऑईलचा नमुना लॅबमध्ये तपासून घ्यायला हवा. चार-पाच गाड्या असतील तर तो खर्च सहज निघतो.

डिझेलचं गणित याहून मोठं. लिटरला ४ किलोमीटर देणाऱ्या गाडीला ९० रुपये भावाने किलोमीटरला साडेबावीस रुपयांचं डिझेल लागतं. त्यातला एक टक्का वाचला तरी २२ पैसे, म्हणजे जवळजवळ ऑईलचा सगळा खर्च. ही बचत मुख्यतः १०डब्ल्यू-३० सारख्या हलक्या ग्रेडमुळे होते, निव्वळ सिंथेटिकपणामुळे नव्हे. कंपनीने तो ग्रेड मान्य केलेल्या नव्या गाड्यांतच वापरायचा. ४० साठी बनवलेल्या जुन्या इंजिनात ३० ओतून डिझेल वाचवायला जाऊ नका.

जुनं इंजिन ऑईल खात असेल, प्रत्येक फेरीला एक-दोन लिटरचं टॉप-अप लागत असेल, तर साधं १५डब्ल्यू-४० च भरा. महागडं ऑईल धुरातून उडवण्यात अर्थ नाही. कुठे सील आधीच कडक झाला असेल आणि जुन्या ऑईलच्या चिखलाने भोक बुजलं असेल, तर सिंथेटिक तो चिखल धुऊन काढतं आणि गळती उघडी पडते. लोक म्हणतात सिंथेटिकने सील खाल्ला, पण तो आधीच गेलेला असतो. आणि सिंथेटिकच्या गाडीत रात्री रस्त्यात ऑईल कमी झालेलं दिसलं, जवळ फक्त मिनरलच मिळत असेल, तर ग्रेड आणि अक्षरं पाहून बेलाशक ओता. दोन्ही एकमेकांत मिसळतात, फाटत नाहीत. फक्त पुढचा ऑईल चेंज मिनरलच्या मुदतीला करायचा.