रॅम: सतत पुन्हा लिहावी लागणारी स्मृती

रॅममध्ये, म्हणजे संगणकाच्या कामचलाऊ स्मृतीत, एकदा नोंदवलेली माहिती वीज असेपर्यंत तशीच पडून राहते, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात ती क्षणोक्षणी विरत असते आणि पूर्ण विरण्याआधीच चिप ती पुन्हा लिहून काढते.

या चिपमधील प्रत्येक सेलमध्ये, म्हणजे एक बिट (0 किंवा 1) साठवणाऱ्या कप्प्यात, एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक अतिसूक्ष्म कपॅसिटर, एवढेच असते. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर 1 आणि नसला तर 0 असे मानले जाते; ट्रान्झिस्टर त्या भाराची वाट उघडतो किंवा बंद करतो. ही रचना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना 1966 मध्ये सुचली आणि 1968 मध्ये तिचे पेटंट मिळाले. प्रोसेसरमधील जलद स्मृतीला आजही एका बिटसाठी साधारणपणे सहा ट्रान्झिस्टर लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे डेनार्ड यांच्या कल्पनेचे मोल कळते, कारण 8 गिगाबाइट रॅममध्ये असे सुमारे 6,870 कोटी सेल बसवावे लागतात.

मला यातील सर्वांत विलक्षण वाटते ती वाचनाची रीत. सेल आडव्या-उभ्या ओळींत मांडलेले असतात. एक आडवी ओळ उघडली की तिच्यातील प्रत्येक सेलचा भार आपापल्या उभ्या तारेत उतरतो. ही तार आधीच निम्म्या विद्युतदाबावर आणून ठेवलेली असते आणि सेलच्या मानाने तिची धारकता, म्हणजे भार सामावण्याची क्षमता, बरीच मोठी असल्यामुळे तिच्यावरील दाब अगदी किंचित वर किंवा खाली सरकतो. तारेला जोडलेला संवेदक प्रवर्धक (सूक्ष्म फरक टिपून वाढवणारे मंडल) तेवढा फरक ओळखून दाब पूर्ण वर किंवा पूर्ण खाली नेतो आणि तोच दाब सेलमध्ये परत भरला जातो. म्हणजे वाचताना मूळ नोंद नष्ट होते आणि त्याच क्रियेत ती पुन्हा लिहिलीही जाते.

भार गळत असल्यामुळे, कोणी वाचो वा न वाचो, हीच क्रिया प्रत्येक ओळीवर करावी लागते. सामान्यतः दर 64 मिलिसेकंदांत एकदा. चिप तापली की गळती वाढते आणि हे अंतर कमी करावे लागते. उलट, चिप अतिशय थंड केली तर वीज तोडल्यावरही माहिती काही मिनिटे टिकू शकते. 2008 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी अशा रॅममधून माहिती कूटबद्ध करणाऱ्या सांकेतिक किल्ल्या (एन्क्रिप्शन की) मिळवून दाखवल्या होत्या.

पेनड्राइव्हमधील फ्लॅश स्मृतीत इलेक्ट्रॉन विद्युतरोधक थरांच्या आड कोंडलेले असतात, म्हणून ती विजेविना वर्षानुवर्षे टिकते. मात्र प्रत्येक लेखनागणिक तो थर थोडा झिजतो आणि लेखनाला वेळही बराच अधिक लागतो, त्यामुळे रॅमचे काम तिच्यावर सोपवता येत नाही.