‘मधुमेहासारखाच आजार’ म्हटल्याने अढी जाते का?

१० ऑक्टोबर जवळ आला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिन आला, की व्हॉट्सॲपवर एक वाक्य हमखास फिरू लागतं: ‘मानसिक आजार हा मधुमेहासारखाच आजार आहे, त्यात लाजायचं काय?’ हेतू चांगला आहे आणि वाक्य बऱ्याच अंशी खरंही आहे. पण हे लोकांना पटलं की रुग्णाबद्दलची अढी आपोआप जाईल, हा त्यामागचा समज संशोधकांनी मोजून पाहिला आहे. निकाल पोस्टर छापणाऱ्यांना आवडणारा नाही.

अढी मोजायची कशी? ‘तुम्हाला मनोरुग्णांचा तिटकारा आहे का’ असं विचारलं तर कोण हो म्हणेल? म्हणून आडवाटेने जावं लागतं. वेगवेगळ्या वंशांच्या लोकांबद्दलची वृत्ती मोजण्यासाठी एमरी बोगार्डस यांनी १९२०च्या दशकात अमेरिकेत ‘सामाजिक अंतरा’ची मोजपट्टी तयार केली. तिचीच रूपं इथे वापरतात. एका काल्पनिक माणसाचं वर्णन वाचून दाखवायचं: झोप उडाली आहे, कोणी नसताना आवाज ऐकू येतात, लोक आपल्यावर पाळत ठेवताहेत असं वाटतं. ही स्किझोफ्रेनिया या आजाराची लक्षणं, पण त्याचं नाव घ्यायचं नाही. मग विचारायचं, हा शेजारी म्हणून चालेल? कामावर सोबत चालेल? तुमच्या घरात सोयरीक झाली तर? प्रश्न उंबरठ्याच्या आत येऊ लागला की होकार गळायला लागतात.

बर्निस पेस्कोसोलिडो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १९९६ आणि २००६ या दोन वर्षांच्या अशा पाहण्या ताडून पाहिल्या. मधल्या दहा वर्षांत ‘हा मेंदूचा आजार आहे’ असा प्रचार जोरात झाला होता आणि तो पोचलाही होता. स्किझोफ्रेनियाचं मूळ मेंदूत किंवा जनुकांत आहे असं मानणारे ७६ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेले. डॉक्टरकडे जावं म्हणणारेही वाढले. शेजार-सोयरिकीची उत्तरं मात्र सुधारली नाहीत. पुढे २०१८च्या पाहणीत नैराश्याच्या बाबतीत अंतर घटलेलं दिसलं, पण स्किझोफ्रेनिया असलेली माणसं धोकादायक असतात ही समजूत उलट वाढलेली निघाली. लोकांना आजाराचं कारण सांगून मग त्यांची वृत्ती मोजणाऱ्या प्रयोगांचा एकत्रित हिशेब मेलबर्नच्या क्वाले आणि हॅस्लम यांनी २०१३ साली मांडला. जैविक कारण सांगितलं की लोक रुग्णाला दोष कमी देतात, पण ‘हा काही बरा होत नाही’ असं त्यांना जास्त वाटू लागतं. त्याच्यापासून लांब राहायची इच्छा कमी होत नाही.

असं का होतं? बर्नार्ड वायनर या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीत याचं उत्तर सापडतं. कोणाचं वागणं बिनसलं की आपण नकळत दोन चौकशा करतो: हे त्याच्या हातात होतं का, आणि हे असंच राहणार का? ‘मनाने कच्चा आहे’ म्हणणारा पहिल्या प्रश्नावर राग धरतो. ‘मेंदूतच आहे’ हे ऐकणारा राग सोडतो आणि दुसऱ्या प्रश्नावर अडकतो. मेंदूत, रक्तात, जनुकात आहे म्हणजे कायमचं, आणि हा माणूस मुळातच आपल्यापेक्षा निराळा, अशी त्याची समजूत होते.

जनुकशास्त्र नेमकं याच्या उलट सांगतं. स्किझोफ्रेनियाचं म्हणून एखादं जनुक नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात या आजाराशी जोडलेल्या २८७ जागा जीनोमवर, म्हणजे माणसाच्या संपूर्ण जनुकीय आराखड्यात, सापडल्या. तिथले बहुतेक बदल अगदी सर्रास आढळणारे आहेत, एकेकट्या बदलाचा परिणाम नगण्य असतो, आणि त्यांतले कितीतरी तुमच्या-माझ्या पेशींत आत्ता आहेत. डग्लस फाल्कनर यांनी १९६५ साली अशा आजारांसाठी एक देखणं प्रारूप दिलं. जनुकं, गर्भावस्थेतल्या अडचणी, लहानपणचे आघात, गांजा असे सगळे धागे मिळून प्रत्येकाचा आजाराकडे असलेला ‘कल’ ठरतो. तो आलेखावर मांडला तर घंटेच्या आकाराचा वक्र मिळतो. बहुतेक जण मध्यावर असतात. उजव्या शेपटीत एक सीमारेषा असते आणि ती ओलांडणाऱ्यांत आजार दिसतो. स्किझोफ्रेनियात हे प्रमाण ढोबळमानाने शंभरात एक धरू.

आता ज्यांच्या आईला किंवा वडिलांना हा आजार आहे अशा मुलांचा वक्र काढा. निम्मी जनुकं त्या पालकाची, म्हणून सरासरी थोडी उजवीकडे सरकते. फैलाव जवळपास तोच राहतो. पण सीमारेषा शेपटीत आहे. तिथे वक्राची उंची झपाट्याने बदलते, त्यामुळे सरासरी थोडीशी सरकली तरी सीमेपलीकडचं क्षेत्रफळ कितीतरी पट वाढतं. शंभरात एकाचे जवळपास दहा होतात. ‘दहापट धोका’ हा मथळा इथून येतो. उरलेले नव्वद सीमेच्या अलीकडेच असतात, हे मथळ्यात मावत नाही. शिवाय आजाराचा काहीच इतिहास नसलेली घरं इतकी जास्त आहेत की बहुतेक रुग्ण त्याच घरांतले असतात. एकसारख्या जुळ्यांची जनुकं तर तीच, तरीही एकाला स्किझोफ्रेनिया असताना निम्म्या किंवा त्याहून जास्त जोड्यांत दुसऱ्याला तो होत नाही. तेव्हा ‘घराण्यात काही नाही ना’ एवढी चौकशी करून स्थळ नाकारणाऱ्याच्या हाती या गणितातून फारसं काही लागत नाही. लाळेतली जनुकं तपासून मनोविकारांचं भविष्य सांगू पाहणाऱ्यांचंही तेच. पत्रिका तेवढी नवीन.

‘मेंदूतच आहे, म्हणजे कायमचं’ या समजुतीपुढे भगताच्या ‘बाहेरच्या बाधे’ला एक श्रेय द्यावं लागतं. बाधा उतरली की माणूस पुन्हा आपला, अशी निदान सोय तिच्यात आहे. पण उतरवण्याच्या नावाखाली जे चालतं ते भयंकर असतं. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि २८ रुग्ण दगावले. त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवलं होतं. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यावर २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आणली.

आपल्याकडे रुग्णांना स्वतःला काय वाटतं? सातारा, गोवा आणि तमिळनाडू इथल्या स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांना २००९-१० मध्ये हे विचारलं गेलं. प्रत्यक्ष भेदभावाचा अनुभव ४२ टक्क्यांनी सांगितला. आपण इतरांपासून तुटलो आहोत, ही भावना मात्र ७९ टक्क्यांत होती. कोणी काही बोलण्याआधीच माणूस मिटून घेतो, घरचेही झाकतात. मग शेजाऱ्यांना बरा झालेला रुग्ण कधी भेटतच नाही. त्यांच्यापुढे येतो तो बातमीतला नाही तर सिनेमातला.

पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ७२ अभ्यास एकत्र तपासले. प्रौढांवर माहितीपेक्षा प्रत्यक्ष ओळखीचा परिणाम जास्त होतो, आणि समोरासमोरची भेट व्हिडिओपेक्षा जास्त काम करते. किशोरवयीन मुलांवर मात्र माहितीचाच परिणाम जास्त दिसला.

ओळख कोणाशी होते, यालाही महत्त्व आहे. नुसत्या भेटींनी काम होत असतं तर मनोविकारतज्ज्ञांइतकं आशावादी कोणी नसतं. पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन यांनी १९८४ साली या तज्ज्ञांच्या बाबतीतला एक सांख्यिकी चकवा दाखवून दिला. ज्याचा आजार लांबतो तो पुन्हा पुन्हा ओपीडीत येतो, जो सावरतो त्याचं येणं थांबतं. त्यामुळे डॉक्टरच्या डोळ्यांपुढचा नमुना कायम लांबलेल्या आजाराकडे झुकलेला राहतो. तेव्हा यंदा सोसायटीत किंवा ऑफिसात कार्यक्रम ठेवणार असाल तर डॉक्टरांचं व्याख्यान ठरवण्याआधी, आजारातून सावरून नोकरी-धंद्याला लागलेलं कोणी आपणहून बोलायला तयार आहे का, ते विचारून पाहा. शाळेत डॉक्टरांचं व्याख्यान चालेल.